आप्पांच्या वस्तऱ्याचं पाणी

मोशी
रविवार, १ जून २०२५

अजू,

माझ्या फोनवरून तुझा नंबर लागत नाही. विजयश्रीच्या फोनवरून लावला की लागतो, आणि वहिनीचा आवाज ऐकून तू दोन शब्द बोलतोसही. म्हणजे ब्लॉक मी एकटाच आहे. म्हणून हे पत्र. मी जन्मात जॉबकार्ड सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. वाकडच्या तुझ्या सोसायटीचं नाव आणि खाली 'सिक्युरिटी केबिन, मेन गेट' एवढाच पत्ता टाकतो आहे.

आप्पांना १४ मेला अर्धांगाचा झटका आला. हे वहिनीने तुला सांगितलं आहे. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली आहे, पण डोकं पूर्वीइतकंच तिखट आहे, आणि शिव्या तर एकदम स्पष्ट येतात. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दाढी बोटभर वाढली होती. चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केलेला माणूस तसा पडलेला बघवेना. चौकातल्या सलूनवाल्याला घरी बोलावलं. त्याने ब्लेड मोडून अर्धं त्या प्लास्टिकच्या दांड्यात घातलं, तसं आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाले, "माजा आण."

त्यांचा म्हणजे तो विलायती वस्तरा. मी कपाटावरची त्यांची हत्यारांची धोकटी काढली. तीन वर्षांत कोणी उघडली नव्हती. शिंगाची मूठ सुकून चिरली आहे, पात्यावर तांबूस गंज आहे, आणि धारेला हात लावला तर लोणीसुद्धा कापणार नाही. धार लावायचा आजोबांचा तो काळपट हिरवा दगड मात्र फडक्यात होता तसाच आहे. आप्पांनी पातं डाव्या हातात धरून पाहिलं आणि मला म्हणाले, "तुला दिला व्हता ना मी?"

तुला त्या दिवशी ते जे बोलले ते मनात धरून बसू नकोस. 'ज्याला सोताचा आंगठा राखता आला न्हाई त्याच्या हाती लोकांचा गळा कोन दील', हे बापाने मुलाला हॉस्पिटलातून आल्या आल्या बोलायला नको होतं. पण त्यांना जे सांगितलं गेलं होतं त्यावरून ते बोलले. त्यांच्या लेखी हात चुकणं हेच सगळ्यात मोठं पाप.

वस्तरा मी नीट करतो. पंचवीस वर्षं टूलरूममध्ये ग्राइंडिंग केलं आहे, एवढंसं पातं म्हणजे माझ्यासाठी दहा मिनिटांचं काम. तू ये आणि त्यांची दाढी कर. डाव्या हाताने कर, काही बिघडत नाही.

१६ सप्टेंबरला लेबर कोर्टात तुझी तारीख आहे. कंपनीने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं आहे, हे तुला वकिलाकडून कळलंच असेल. तो विषय वेगळा. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही.

तुझा दादा,
ज्योतीराम


मोशी
रविवार, २९ जून

अजू,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र नूरमोहम्मदच्या हाती देतो आहे. कुदळवाडीतली भंगारची दुकानं महापालिकेने पाडल्यापासून तो टेम्पो घेऊन टॉवरांतून भंगार गोळा करतो, तुमच्या गेटवरही येतो म्हणाला.

तुला हसायला आवडेल अशी गोष्ट सांगतो. आप्पांचा वस्तरा मी जाळला.

खरंच जाळला. खिशात घालून चाकणला नेला. जेवणाच्या सुट्टीत मशीनवर लावला आणि गंज काढून धार उचलून घ्यावी म्हणून चाक टेकवलं. मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस मी, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं प्रशस्तिपत्र आहे माझं. पातं आरशासारखं निघालं. मी खुशीत घरी आलो. आप्पांनी नाकाजवळ धरलं, मग उजेडाकडे तिरपं केलं, आणि त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. धारेच्या कडेने एक बारीक निळी रेघ होती. मला ती दिसली होती रे. दिसली होती, आणि मी पॉलिश मारून पुसट केली होती.

"पानी उतरवलंस," एवढंच म्हणाले.

शंभर वर्षांपूर्वी कोणी परदेशात तापवून, विझवून त्या पोलादाला कणखरपणाचं पाणी दिलं, पणजोबांपासून तीन पिढ्यांनी ते जपलं, आणि मी सुट्टीतल्या चार मिनिटांत ते उतरवलं. एवढं पातळ पातं कोरड्या चाकावर तापून निळं आणि मऊ पडणार, हे टूलरूममधल्या नवशिक्यालाही कळतं. पण मला घाई होती, आणि घाईत माझ्या हातून काय काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

हे वाक्य लिहून गेलो. खोडत नाही.

आप्पांनी उपाय सांगितला. जळालेली कड तेवढी झिजवून टाकायची. मागचं पोलाद अजून चांगलं आहे. पण मशीनवर नाही, दगडावर, हाताने. आधी जाड दगड, मग आजोबांचा. किती दिवस लागतील म्हणून विचारलं तर म्हणाले, "मी हाय तवर व्हईल."

ये एकदा.

तुझा दादा


मोशी
रविवार, २० जुलै

अजू,

नूरमोहम्मद म्हणतो, "भाऊ, त्यानं माज्यासमोर वाचलं न्हाई. पर फाडलं बी न्हाई, खिशात घातलं." मला तेवढं पुष्कळ आहे.

रोज कंपनीतून आलो की आप्पांच्या खाटेजवळ पाट टाकतो, ओल्या फडक्यावर दगड ठेवतो आणि तासभर वस्तरा घासतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली पाहिजेत, म्हणजे कोन आपोआप राखला जातो. हे तुला दहाव्या वर्षी येत होतं. मला पन्नाशीला शिकवणी चालू आहे. आप्पा डोळे मिटून पडलेले असतात आणि नुसत्या आवाजावर माझ्या चुका काढतात. "टाच उचलतीया." "रेटू नगं, वजन पात्याचं असू दे." "आता मन कुटं गेलं?" शेवटचं त्यांना कसं कळतं देव जाणे, पण दरवेळी ते बरोबर असतात.

हात बसावा म्हणून नूरमोहम्मदने भंगारातले तीन जुने वस्तरे दिले. त्यातला एक जर्मन आहे. त्याचा गंज काढला, खिळा नवा ठोकला, मूठ खोबरेलात भिजवली आणि धार लावली. टॉवरांतल्या हौशी पोरांना असलं हवं असतं म्हणे. आप्पांनी तो हातात घेऊन मला एक गंमत सांगितली. पातं टोकाकडे जास्त झिजलं होतं. म्हणाले, हा ज्याचा होता त्याचं मनगट दुखत होतं. मग आपला वस्तरा पाहायला लावला. त्यावर पणजोबांची झीज वेगळी, आजोबांची वेगळी. आणि टाचेकडे, म्हणजे मुठीजवळच्या टोकाला, एक हलकी, सारखी झीज आहे, ती तुझी. दर रविवारी दुकानात तू बसायचास तेव्हाची. माझी खूण म्हणजे ती निळी रेघ.

पातं आता केसभर अरुंद झालं आहे. निळं अजून दिसतं.

कंपनीच्या वकिलाने बोलावलं होतं. तुझ्या अपघाताच्या वेळचा माझा रिपोर्ट मला वाचून दाखवला, म्हणजे सप्टेंबरला मी इकडचं तिकडे बोलू नये. 'ऑपरेटरने उत्पादन वाढवण्यासाठी प्रेसचा सेफ्टी सेन्सर स्वतः बंद केला.' खाली माझी सही. तीन वर्षांनी ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. टाइप साहेबांनी केलं होतं, मी फक्त सही केली. तू तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होतास. त्या कागदामुळे तुला काढलं, त्या कागदामुळे भोसरीपासून चाकणपर्यंत कोणी दारात उभं करत नाही, आणि आप्पांनीही त्याच कागदावर विश्वास ठेवला. हे सगळं मला कळतं. घरात विजयश्री म्हणते की आता झालं ते झालं, तुमची नोकरी गेली तरी अंगठा काही परत येणार नाही. तिचंही चूक नाही.

शुद्धीवर आल्यावर तू मला एकच विचारलंस, "दादा, वायर कोणी लावली?" मी म्हटलं, माहीत नाही.

आज एवढंच. दगड धुवायचा राहिला आहे.

ज्योतीराम


मोशी
सोमवार, २५ ऑगस्ट

अजू,

शनिवारी धार आली.

शेवटचे आठ दिवस आजोबांच्या दगडावर होतो. त्याचाच छोटा तुकडा वर घासला की राखाडी दूध सुटतं, त्या दुधात पातं फिरवायचं, मग दूध पातळ करत करत नुसत्या पाण्यावर यायचं. निळी रेघ गेली. आवाज बदलला ते मलाही कळलं. चामड्याच्या पट्ट्यावर साठ हात दिले आणि आप्पांच्या हातात दिला. त्यांनी दातात मिशीचा एक केस धरून तोडला, तो पात्यावर सोडला आणि त्याचे दोन झाले. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला त्यांनी. लहानपणी फिरवला असेल तर मला आठवत नाही.

म्हणाले, "कर दाडी. तुजा हात कदी चुकला न्हाई म्हनून तर तुला दिला व्हता."

तू आला नव्हतास. मीच फेस लावला. त्यांनी डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि गळा मोकळा करून दिला. मी कातडी ताणली, पातं गळ्याला टेकवलं, आणि माझा हात पुढे सरकेना. त्यांच्या गळ्यातली शीर पात्याखाली उडत होती. एवढा विश्वास कोणी माझ्यावर टाकू नये असं वाटलं. आणि तसाच, पातं तिथेच ठेवून, मी बोललो.

तुलाही आता सांगतो, आणि यापुढे काही लपवायचं राहत नाही. वायर मी लावली. प्रेसवर नवीन डाय होता, पत्रा दाबायचा साचा. तुकडा अडकायचा आणि दरवेळी हात आत गेला की सेन्सर प्रेस थांबवायचा. माल न्यायला बाहेर गाडी उभी होती. साहेब म्हणाले, ज्योतीराम, आजच्या दिवस बघ काहीतरी. मी पॅनेल उघडून सेन्सरची दोन टोकं वायरने जोडली, म्हणजे तो प्रेस थांबवणार नाही. दोन मिनिटांचं काम. त्या प्रेसवर सेकंड शिफ्टला कोण बसणार ते बोर्डावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. तुझा अंगठा आणि दोन बोटं गेली तेव्हा मी कॅंटीनमध्ये चहा पीत होतो. ओरडा झाला, सगळे तुझ्याकडे धावले आणि मी आधी पॅनेलकडे धावलो. वायर काढली. मग तुझ्याकडे आलो. या क्रमाने.

आप्पांनी डोळे उघडले. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि पातं गळ्यावरून बाजूला केलं. त्या हातात इतकी ताकद अजून असेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं थोबाडीत देतील, द्यावी असंही वाटलं. गालावरचा फेस वाळत चालला.

"पूस," म्हणाले.

मी फेस पुसला. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी दगड घेऊन बसलो तर तोंड भिंतीकडे करतात. आज सकाळी विजयश्रीला एवढंच सांगितलं, "अजू आला की दाडी."

त्यांच्याजवळ फार दिवस नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. माझ्यासाठी येऊ नकोस. ते दाराकडे बघत असतात.

ज्योतीराम


मोशी
रविवार, ३१ ऑगस्ट

अजिंक्य,

आप्पा काल सकाळी सहाला गेले. वहिनीने तुला फोन केला तेव्हा तू ड्युटीवर होतास, आणि तू पोहोचलास तोवर आम्ही घाटावर पोहोचलो होतो. तू लांब, त्या पत्र्याच्या शेडखाली उभा होतास. मी पाहिलं. जवळ येण्याची हिंमत मला झाली नाही आणि तू आला नाहीस.

त्यांना पुढे नेलं तेव्हा दाढी तशीच होती. लोक कुजबुजत होते की न्हाव्याच्या घरचं मढं आणि हे असं. कोणीतरी म्हणालं, निदान आता तरी करा. मी करू दिली नाही. त्यांनी ज्याची वाट पाहिली त्याच्याशिवाय कोणाचा हात लागू द्यायचा नव्हता त्यांना.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी वस्तरा मागून घेतला आणि उशाखाली ठेवला. विजयश्रीला म्हणाले, "ह्यो अजूचा." मग जरा थांबून म्हणाले, "मी चुकलो म्हनावं." माझ्याविषयी काही बोलले नाहीत. मी दारातच उभा होतो.

या पत्राबरोबर नूरमोहम्मद तुला एक पुडकं देईल. त्यात वस्तरा आहे. दगड आणि पट्टाही आहे. तुझी वस्तू तुला मिळाली. माझं तुझ्याकडे मागणं उरायला नको होतं, तरी एक आहे.

८ तारखेला दहावा आहे, मोशीच्या घाटावर, सकाळी आठला. तिथे कायम बसतो तो भिवा न्हावी सगळ्यांचं क्षौर करील. मी त्याला सांगितलं आहे की माझं करू नकोस. तू आलास तर तुझ्यासमोर बसेन. तुझ्या डाव्या हाताला सवय नाही, ठाऊक आहे. थरथरला तर थरथरू दे. त्या पात्याला आता मी लावलेली धार आहे. माझ्याच मानेवर ती तुझ्या हाताने यावी एवढंच वाटतं. नाही आलास तर मी तसाच घरी येईन, आणि लोकांना काय बोलायचं ते बोलू देत.

ज्योतीराम


मोशी
मंगळवार, १६ सप्टेंबर

अजू,

तू कोर्टातून माझ्याआधी निघून गेलास, म्हणून लिहितो.

त्या दिवशी घाटावर तू येशील असं मला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. भिवाकडून तू आपलं डोकं करून घेतलंस, नदीवर जाऊन आलास आणि एकदम माझ्यासमोर उकिडवा बसलास. ढोपराने माझा गुडघा दाबून धरलास, आप्पा धरायचे तसं. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी कातडी ताणलीस आणि डाव्या हाताने वस्तरा चालवलास. मी डोळे मिटले होते. मला वाटलं कापेल, आणि खरं सांगू, कापावं असं वाटत होतं. सगळं डोकं झालं आणि एक ओरखडा नाही. डाव्या हाताने इतकं कधी शिकलास? केबिनमध्ये बसून, एकटाच, कशावर हात बसवलास? हे विचारायचा मला हक्क नाही, पण गेले आठ दिवस दुसरं काही सुचत नाही.

मग तू मिशीवर आलास. डावी बाजू काढलीस आणि थांबलास. वस्तरा पुसला, मिटला, खिशात घातला. म्हणालास, "उरलेली तारखेनंतर."

एवढंच. तीन वर्षांत माझ्याशी बोललेले तुझे पहिले दोन शब्द.

तू वळून पाहिलं नाहीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. भिवा म्हणाला, आना इकडं, मी साफ करतो, असं घरला जाऊ नका. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी तसाच कंपनीत गेलो. गेटवर हसले, कॅंटीनमध्ये हसले. ज्याने विचारलं त्याला मी सांगितलं, अगदी वायरपासून. संध्याकाळपर्यंत हसणं बंद झालं होतं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ज्योतीराम, घरचं दुःख आहे, महिनाभर रजा घे, मिशी कर, आणि कोर्टात रिपोर्टमध्ये आहे तेवढंच बोल. गुरुवारी माझ्या हातात सस्पेन्शनचं पत्र पडलं. विजयश्री दोन दिवस जेवली नाही. काल रात्री मात्र तिने माझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

आज काय झालं ते तू पाहिलंस. कंपनीचा वकील पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून हसला. म्हणाला, हे काय सोंग आहे? मी म्हटलं, साहेब, माझा भाऊ म्हणाला आहे, उरलेली खरं बोलल्यावर. मग सगळं सांगितलं. नवीन डाय, दोन टोकं, बोर्डावर न वाचलेलं तुझं नाव. आधी पॅनेलकडे धावलो, मग तुझ्याकडे, तेही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं. सांगताना मी रडलो, त्याची लाज वाटत नाही. लिहून घेणाऱ्या बाईंनी मला दोनदा थांबवलं. शेवटी सही केली. तुझ्याकडे पाहिलं तर तू खाली, आपल्या उजव्या हाताकडे बघत होतास.

याने तुझी बोटं येणार नाहीत. आप्पाही बिनदाढीचे परत येऊन बसणार नाहीत. तू मला माफ करावंस असं मी कधी म्हणणार नाही, ते तोंड माझ्याकडे नाही.

उद्या सकाळी तुझी ड्युटी आठला संपते, नूरमोहम्मदने सांगितलं; हे पत्रही तो आज रात्रीच गेटवर देईल. मी गेटच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन. आत येणार नाही. तुला यायचं नसेल तर मागच्या गेटने निघून जा, मी परवा परत येईन. वस्तरा दगडावर घ्यायची गरज नाही, धार अजून महिनाभर टिकेल. मी लावली आहे, यावेळी हाताने.

ज्योतीराम